तुंबडी, तालीम आणि पुनर्वसन : क्रीडा-इजांमध्ये कपिंग उपचाराचे स्थान

प्रस्तावना

खेळात होणारी इजा आणि तिच्यातून सावरण्याची प्रक्रिया हा विषय मराठी वाचकासमोर बहुधा मोठ्या शहरातील क्रीडावैद्यकाच्या चौकटीत येतो. परंतु ज्या खेळाडूंना या ज्ञानाची सर्वाधिक गरज असते, त्यांच्यापैकी पुष्कळसे तालुक्याच्या गावी, मातीच्या आखाड्यात, शाळेच्या मैदानावर आणि पहाटेच्या डांबरी रस्त्यावर घडत असतात. लातूर जिल्ह्यातील रेणापूर हे अशा गावांचे प्रातिनिधिक उदाहरण मानता येईल. रेणुकादेवीचे स्थान म्हणून पंचक्रोशीत ओळखले जाणारे हे तालुक्याचे ठिकाण लातूर आणि अंबाजोगाई या दोन शहरांच्या मध्ये वसलेले असून, दोन्हीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये आहेत. तरीही सरावात गुडघा मुरगळलेला मुलगा त्या रुग्णालयांपर्यंत पोहोचण्याआधी वस्ताद, मालिश करणारा, हाडवैद्य आणि अलीकडे कपिंग करणारा अशा अनेक हातांतून जातो. या हातांपैकी कोणता केव्हा उपयोगी आणि कोणता केव्हा अपायकारक, याचा नेमका विवेक गावपातळीवर उपलब्ध व्हावा, ही या विषयाच्या मांडणीमागील प्रेरणा आहे.

लातूर जिल्ह्याची कुस्तीपरंपरा महाराष्ट्राला अपरिचित नाही. निलंगा तालुक्यातील रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार १९६९ मध्ये महाराष्ट्र केसरी झाले. याच जिल्ह्यातून पुढे आलेल्या काका पवारांना अर्जुन पुरस्कार मिळाला आणि पुण्यात त्यांनी मराठवाड्यातील मल्लांची पुढची पिढी घडवली. जानेवारी २०२० मध्ये महाराष्ट्र केसरीच्या अंतिम लढतीत नाशिकच्या हर्षवर्धन सदगीर याच्यासमोर लातूरचा शैलेश शेळके उभा होता. लातूरच्या सिद्धेश्वर यात्रेत आणि नांदेड जिल्ह्यातील माळेगावच्या खंडोबा यात्रेत आजही कुस्त्यांचे फड रंगतात. या मोठ्या नावांच्या मागे गावोगावच्या तालमींत घाम गाळणारे असंख्य मल्ल असतात आणि त्यांच्यातील अनेकांची वाटचाल हरलेल्या कुस्तीमुळे थांबत नाही, तर खांदा, गुडघा, मान किंवा कंबर यांच्या नीट न सांभाळलेल्या इजेमुळे थांबते. कबड्डीत पकडीच्या वेळी गुडघ्याला बसणारा पीळ आणि खो-खोत अचानक दिशा बदलताना मांडीच्या मागच्या स्नायूवर येणारा ताण यांचीही गत तीच आहे.

या खेळाडूंत आणखी एका मोठ्या वर्गाची भर पडली आहे, तो म्हणजे पोलीस आणि सैन्यभरतीची तयारी करणाऱ्या तरुण-तरुणींचा. महाराष्ट्र पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते, शिवाय १०० मीटर धावणे आणि गोळाफेक असते. आतापर्यंत शेतात राबलेला किंवा अभ्यासिकेत बसलेला देह काही आठवड्यांत या कसोटीसाठी तयार करण्याच्या घाईत धावण्याचे अंतर एकदम वाढवले जाते, साध्या बुटांत कडक रस्त्यावर सराव होतो आणि नडगीच्या आतल्या कडेला दुखू लागते. हे दुखणे बहुधा हाडाभोवतालच्या आवरणावर व त्याला जोडलेल्या स्नायूंवर पडणाऱ्या अतिताणाचे असते. पण दुर्लक्ष झाल्यास त्याच जागी हाडाला सूक्ष्म तडा जाऊ शकतो. भरतीची तारीख जवळ आलेली असल्याने या तरुणाला झटपट आराम हवा असतो आणि तुंबडीचे नवे रूप असलेला कपिंग उपचार त्याला नेमका त्या क्षणी भेटतो.

कपिंग म्हणजे काच, प्लास्टिक, सिलिकॉन किंवा बांबू यांची वाटी त्वचेवर ठेवून तिच्या आतील हवेचा दाब कमी करणे आणि त्यामुळे त्वचा व तिच्याखालील ऊती वाटीत वर ओढल्या जाणे. हा कमी दाब पूर्वी वाटीत क्षणभर ज्योत धरून निर्माण केला जाई. आता बहुतेक ठिकाणी हातपंपाने हवा काढतात किंवा लवचीक वाटी दाबून सोडतात. वाट्या काही मिनिटे जागच्या जागी ठेवल्या तर तो स्थिर कोरडा प्रकार होतो. त्वचेला तेल लावून वाटी स्नायूच्या लांबीवर सरकवली तर तो सरकता प्रकार होतो. आणि वाटी काढून त्वचेवर बारीक छेद देऊन पुन्हा लावली व रक्त ओढले तर तो ओला प्रकार होतो, ज्याला आज बोलण्यात बहुधा नुसते हिजामा म्हणतात. खेळाडूंच्या संदर्भात विचार करण्याजोगे जे काही आहे ते जवळजवळ सर्व पहिल्या दोन प्रकारांत आहे, हे आरंभीच स्पष्ट करणे आवश्यक आहे.

मराठवाड्याला हा उपचार परका नाही. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील तेराव्या अध्यायात रक्तमोक्षणाच्या साधनांचा विचार आला असून, वातदूषित रक्तासाठी शृंग म्हणजे गाईचे शिंग, पित्तदूषित रक्तासाठी जळू आणि कफदूषित रक्तासाठी अलाबू म्हणजे पोकळ केलेला भोपळा अशी विभागणी तेथे केलेली आहे. शिंगातील हवा तोंडाने ओढायची आणि भोपळ्यात दिवा ठेवून पोकळी निर्माण करायची, असा विधीही सांगितलेला आहे. लोकव्यवहारात हेच ज्ञान भटक्या वैदूंच्या तुंबडीतून आणि शिंगीतून टिकले. दुसरा प्रवाह युनानी वैद्यकाचा. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि त्या संस्थानात युनानी वैद्यकाला राजाश्रय लाभला होता. हैदराबादच्या निजामिया तिब्बी कॉलेजात त्याचे पद्धतशीर शिक्षण दिले जाई. युनानीत हिजामाचे छेदासह आणि छेदाविना असे दोन भेद मानले जातात, म्हणजे आज ज्याला कोरडे आणि ओले कपिंग म्हटले जाते त्या भेदाची जाणीव जुनीच आहे. प्राचीन चीनमध्ये आणि ग्रीक वैद्यकातही याच तत्त्वावरचे उपचार प्रचलित होते. मात्र या सर्व परंपरांत हा उपाय प्रामुख्याने दोष, रक्त आणि सामान्य व्याधी यांच्या संदर्भात आला आहे. मल्लाच्या फाटलेल्या स्नायूबंधाचा किंवा धावपटूच्या नडगीचा आजच्या अर्थाने विचार तेथे नाही. त्यामुळे प्राचीनतेचा दाखला हा उपचाराबद्दल आदर निर्माण करू शकतो, परंतु क्रीडा-इजेतील त्याची उपयुक्तता सिद्ध करू शकत नाही.

आजचा प्रसार मात्र ग्रंथांतून झालेला नाही. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये अमेरिकेचा जलतरणपटू मायकल फेल्प्स याच्या खांद्यावर आणि पाठीवर दिसलेली गडद गोल वर्तुळे दूरचित्रवाणीवरून जगभर पोहोचली, आणि जो उपाय तोवर पूर्वेकडील पारंपरिक वैद्यकाचा मानला जाई तो आधुनिक क्रीडासज्जतेचे लक्षण म्हणून पाहिला जाऊ लागला. पुढे मोबाइलवरील चित्रफितींनी तो तालुक्याच्या व्यायामशाळांपर्यंत नेला. वाट्यांचा संच आणि हातपंप स्वस्तात घरपोच मिळू लागल्याने प्रशिक्षणाविना तो वापरणेही सोपे झाले. फेल्प्सने त्या स्पर्धेत सुवर्णपदके जिंकली हे खरे. पण त्याच्यामागे प्रशिक्षक, फिजिओथेरपिस्ट, आहारतज्ज्ञ आणि अनेक वर्षांचा काटेकोर सराव यांची संपूर्ण व्यवस्था होती आणि त्या व्यवस्थेतील सर्वांत लहान घटक सर्वांत ठळकपणे दिसला, एवढाच त्या वर्तुळांचा अर्थ आहे.

वाटीखाली नेमके काय घडते, याचे स्पष्टीकरण बऱ्याच अंशी उपलब्ध आहे. हवेचा दाब कमी झाल्याने त्वचेकडील रक्तप्रवाह वाढतो, त्वचा आणि तिच्याखालील संयोजी ऊतींचे पापुद्रे वर उचलले जातात आणि ताण पुरेसा असल्यास सूक्ष्म केशवाहिन्या फुटून त्वचेखाली रक्त पसरते. हे रक्त म्हणजेच ते लाल-जांभळे वर्तुळ. मालिशीत ऊतींवर दाब येतो, येथे त्या ओढल्या जातात. वेदना कमी होण्याचे कारण मुख्यतः मज्जासंस्थेत शोधले जाते. रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी १९६५ मध्ये मांडलेल्या द्वारनियंत्रण सिद्धान्तानुसार, स्पर्श आणि ताण यांच्या संवेदना मज्जारज्जूच्या पातळीवर वेदनेच्या संदेशाला अंशतः अडवू शकतात. शिवाय एका जागी दिलेली सौम्य वेदना मेंदूकडून उतरणाऱ्या वेदनाशामक यंत्रणेला चालना देते, हेही ज्ञात आहे. याखेरीज उपचारकाचा स्पर्श, लक्ष आणि ‘आता बरे वाटेल’ ही अपेक्षा यांचा वाटाही मोठा असतो. हा वाटा खोटा नसतो, कारण वेदना ही अखेर मेंदूत साकारणारी अनुभूती आहे. पण तो इजा झालेल्या ऊतीला जोडत नाही.

म्हणूनच या उपचाराभोवती जमलेल्या काही समजुतींचा निरास करणे आवश्यक ठरते. वर्तुळ जितके काळे तितके ‘खराब रक्त’ जास्त, अशी समजूत सर्वत्र आढळते. वस्तुतः त्या वर्तुळातील रक्त हे शरीरात फिरणारे नेहमीचेच रक्त असून, त्याचा रंग दाब किती होता, वाटी किती वेळ ठेवली आणि त्वचा किती नाजूक आहे यांवर ठरतो. शरीरातील टाकाऊ द्रव्ये बाहेर टाकण्याचे काम यकृत आणि मूत्रपिंडे करतात, त्वचेवरील वाटी नव्हे. त्याचप्रमाणे सरावानंतर साचलेले लॅक्टिक ॲसिड कपिंगने निघून जाते असे सांगितले जाते. परंतु ते आम्ल व्यायाम थांबल्यावर साधारण तासाभरात रक्तातून आपोआप कमी होते आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जाणवणारा अंगाचा ठणका हा स्नायुतंतूंना झालेल्या सूक्ष्म इजेचा परिणाम असतो. या चुकीच्या स्पष्टीकरणांमुळे होणारे नुकसान केवळ सैद्धान्तिक नाही. गडद डाग म्हणजे चांगला परिणाम असे मानणारा खेळाडू अधिक दाब आणि अधिक वेळ मागतो आणि त्यातून त्वचेवर फोड येतात.

संशोधनाचा पुरावा काय सांगतो, हे संयमाने मांडले पाहिजे. हौशी आणि व्यावसायिक खेळाडूंवरील कपिंगच्या यादृच्छिक चाचण्यांचा एक पद्धतशीर आढावा २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. यादृच्छिक चाचणी म्हणजे कोणाला कोणता उपचार मिळावा हे चिठ्ठी टाकल्याप्रमाणे ठरवून केलेली तुलना. या आढाव्यात पाच देशांतील ११ चाचण्या आणि ४९८ सहभागी होते. वेदना, हालचालीचा आवाका आणि खेळाडूला जाणवणारा थकवा यांत सुधारणा दिसल्याचे काही चाचण्यांनी नोंदवले. तथापि चाचण्यांच्या मांडणीत त्रुटी राहण्याची शक्यता इतकी होती, की आढावाकारांनी उपचाराची शिफारस करणे आणि तो नाकारणे या दोन्हींपासून स्वतःला दूर ठेवले. या क्षेत्रातील मूळ अडचण तुलनेची आहे, कारण औषधाच्या चाचणीत खरी आणि खोटी गोळी सारखीच दिसू शकते, पण वाटी लागली की नाही हे रुग्णाला समजतेच. ही अडचण दूर करण्यासाठी काही संशोधकांनी बारीक छिद्र असलेल्या वाट्या वापरल्या, ज्यांतील पोकळी लावल्यावर थोड्याच वेळात नाहीशी होते. सर्वांगदुखीच्या फायब्रोमायल्जिया या विकारावरील अशा एका जर्मन चाचणीत खऱ्या कपिंगने नेहमीच्या उपचारांपेक्षा अधिक आराम दिला, परंतु छिद्राच्या वाट्यांनी मिळालेल्या आरामापेक्षा तो लक्षणीय जास्त नव्हता. यावरून निघणारा प्रामाणिक निष्कर्ष असा, की योग्य रीतीने केलेले कोरडे कपिंग काही रुग्णांची स्नायुवेदना काही काळ कमी करू शकते. फाटलेला स्नायू, तुटलेला अस्थिबंध किंवा तडा गेलेले हाड ते लवकर जुळवते, असे म्हणण्यास आधार नाही.

या निष्कर्षातच कपिंगचे योग्य स्थान दडलेले आहे. स्नायूची इजा भरून येताना प्रथम दाह, मग नव्या ऊतींची निर्मिती आणि शेवटी त्या ऊतींची ताणाच्या दिशेने पुनर्रचना, असे टप्पे एकमेकांत मिसळत जातात. शेवटच्या टप्प्यात ऊतींना क्रमाक्रमाने वाढवत नेलेला भार मिळाला नाही, तर व्रण कमकुवत राहतो आणि इजा पुन्हा उद्भवते. म्हणजेच खेळाडूला मैदानावर परत आणणारा मुख्य उपचार व्यायाम हाच आहे आणि त्याच्या आड येणारी मुख्य गोष्ट वेदना ही आहे. कपिंगने ती वेदना काही तास किंवा एखाद-दोन दिवस कमी झाली, तर त्या अवधीत केलेला व्यायाम हा खरा लाभ; तो अवधी विश्रांतीत किंवा घाईने कुस्ती धरण्यात घालवला, तर उपचार निष्फळ किंवा हानिकारक ठरतो. वेदना शमणे आणि इजा बरी होणे या दोन भिन्न घटना आहेत, हे सूत्र या संपूर्ण विवेचनाचा कणा आहे.

इजेचा प्रकार ओळखल्याशिवाय वाटी लावणे हा सर्वांत मोठा धोका होय. ताज्या इजेत, विशेषतः पहिल्या दोन-तीन दिवसांत, आत रक्तस्राव आणि सूज असते. तेथे रक्त ओढणारा उपचार करू नये, तर भार कमी करणे, दाबपट्टी बांधणे आणि अवयव उंच ठेवणे श्रेयस्कर. घोटा मुरगळला असता हाड मोडले आहे का, याचा अंदाज घेण्यासाठी कॅनडातील ओटावा येथे १९९२ मध्ये तयार झालेले नियम जगभर वापरले जातात: घोट्याच्या कोणत्याही बाजूच्या उंचवट्याच्या मागच्या कडेला किंवा टोकाला दाबल्यावर दुखत असेल, अथवा इजेनंतर लगेच आणि तपासणीच्या वेळीही चार पावले टाकता येत नसतील, तर क्ष-किरण तपासणी करावी. पायाच्या मधल्या भागासाठीही असेच नियम आहेत. गुडघ्यात ‘कट्’ असा आवाज होऊन काही तासांत मोठी सूज आली आणि नंतर पाय वळवताना गुडघा निसटतो असे वाटू लागले, तर आतील क्रूसबंध म्हणजे खेळाडूंच्या भाषेत लिगामेंट तुटल्याची शंका घ्यावी. नडगीवर एका बोटाने दाखवता येईल इतक्या लहान जागी दुखणे आणि रात्रीही ठणका राहणे ही हाडाला तडा गेल्याची खूण असू शकते. मानेवर पडल्यानंतर हातापायांत मुंग्या किंवा बधिरता आली, तर मान हलवू न देता रुग्णालय गाठावे. अशा कोणत्याही प्रसंगी कपिंगने मिळालेला तात्पुरता आराम निदान लांबवतो, आणि रेणापूरसारख्या ठिकाणी, जेथे लातूरला जाऊन एमआरआय करण्याचा निर्णय घरात बराच विचार करून घेतला जातो, हा विलंब महिन्यांचा होऊ शकतो.

मल्लांच्या बाबतीत त्वचेचा विचार वेगळा करावा लागतो. अंगाला अंग घासणाऱ्या या खेळात नायटा आणि विषाणूजन्य पुरळ एकाकडून दुसऱ्याकडे सहज पसरतात. ज्या त्वचेवर चट्टा, पुरळ, जखम किंवा गळू आहे तिच्यावर वाटी लावू नये आणि प्रत्येक खेळाडूनंतर वाट्या साबणाने धुऊन जंतुनाशकात पुरेसा वेळ ठेवाव्यात. एकाच तालमीत एकच संच सर्वांवर फिरवणे संसर्गाला आमंत्रण देते. रक्त पातळ करणारी औषधे घेणारे, रक्त न गोठण्याचा विकार असलेले, शिरेत गुठळी असलेले आणि गरोदर स्त्रिया यांना हा उपचार देण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला अनिवार्य मानावा. मानेची पुढची बाजू, गुडघ्यामागचा खळगा, फुगलेल्या शिरा आणि हाडांचे उंचवटे येथे वाट्या लावू नयेत. साधारण पाच ते दहा मिनिटे आणि सौम्य दाब एवढे पुरेसे असते. वर्तुळे काही दिवसांत, क्वचित दोन आठवड्यांत मावळतात. ज्योतीच्या पद्धतीने भाजण्याचे प्रकार घडत असल्याने मैदानावर किंवा तालमीत ती पद्धत टाळणेच योग्य.

ओल्या कपिंगविषयी भूमिका अधिक कठोर असणे भाग आहे. त्वचेला छेद दिल्याबरोबर हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी आणि एचआयव्ही यांच्या संसर्गाचा प्रश्न उभा राहतो. वापरलेले पाते २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियमांनुसार छिद्र न पडणाऱ्या पांढऱ्या डब्यात टाकून त्याची विल्हेवाट लावावी लागते. वारंवार रक्त काढल्याने लोह कमी होते आणि धावपटूची, विशेषतः मुलींची, दमछाक वाढते. म्हणून हिजामा हा नोंदणीकृत वैद्याने सुसज्ज दवाखान्यातच करावयाचा उपचार आहे. व्यायामशाळा, यात्रा किंवा घर ही त्याची स्थाने नव्हेत. युनानी आणि आयुर्वेद या परंपरांचा मान राखण्याचा मार्गही हाच आहे, कारण त्या परंपरांनीही हे कर्म शिकलेल्या वैद्याच्याच हाती दिले होते.

या विवेचनाचा मुख्य वाचक तालमीतील वस्ताद, शाळेतील क्रीडाशिक्षक आणि भरतीचे प्रशिक्षण देणारा मार्गदर्शक हा आहे, कारण इजेनंतरचा पहिला निर्णय बहुधा तोच घेतो. त्याने प्रत्येक इजेची साधी नोंद ठेवावी: इजा कशी झाली, शून्य ते दहा या मापावर वेदना किती, सांधा किती वाकतो, एका पायावर उभे राहता येते का. कपिंगनंतर आणि पुढील आठवड्यांत हीच मापे पुन्हा घ्यावीत. वेदनेचा आकडा घसरला पण सांध्याची हालचाल आणि ताकद वाढली नाही, तर उपचार काम करीत आहे असे समजू नये. दोन आठवड्यांत कार्यक्षमता सुधारली नाही, तर वाट्या बाजूला ठेवून खेळाडूला फिजिओथेरपिस्ट किंवा अस्थिरोगतज्ज्ञाकडे पाठवावे. अठरा वर्षांखालील मुलांच्या बाबतीत पालकांची संमती आणि वैद्यकीय तपासणी यांशिवाय कोणताही उपचार सुरू करू नये.

तुंबडीला अंधश्रद्धा म्हणून झिडकारणे किंवा ऑलिंपिकचे गुपित म्हणून डोक्यावर घेणे, या दोन्ही वृत्तींनी ग्रामीण खेळाडूचे हित साधत नाही. त्याला हवे आहे ते योग्य वेळी निदान, क्रमाने वाढणारा व्यायाम, पुरेशी झोप, पोषक आहार आणि या सर्वांच्या जोडीला, जेथे उपयोग होईल तेथे, वेदना हलकी करणारा एखादा सुरक्षित हात. तालुक्याच्या ठिकाणी प्रशिक्षित फिजिओथेरपिस्टची सेवा नियमित उपलब्ध झाली आणि तालमींचे वस्ताद तिच्याशी जोडले गेले, तर कपिंगसारख्या पूरक उपायांना त्यांची मर्यादित पण उपयुक्त जागा मिळेल. ज्या जिल्ह्याने महाराष्ट्राला महाराष्ट्र केसरी दिला त्या जिल्ह्यातील एकाही मल्लाची, धावपटूची किंवा भरतीच्या उमेदवाराची कारकीर्द वेळीच ओळखता आली असती अशा इजेमुळे संपू नये, यासाठी हा अभ्यास वस्तादांच्या आणि शिक्षकांच्या नित्य व्यवहारात उतरला पाहिजे.